पाठक गुरुजींचा खरा पत्ता

देवाजी,

माझ्याच लेखाचं कौतुक करणारी तीन पत्रं मी तीन नावांनी, तीन वळणांच्या अक्षरांत, तीन रंगांच्या शाईनं लिहिली. आणि तिन्ही आमच्या ऑफिसातल्या एकाच नमुन्याच्या छापील अर्जांच्या पाठीवर लिहिली.

अर्ज होता कालव्याच्या पाण्याच्या मागणीचा. कागदाची टंचाई होती, आणि ऑफिसच्या कपाटात जुन्या नमुन्याच्या, रद्द झालेल्या अर्जांचे गठ्ठे पडून होते. एक बाजू छापील, एक कोरी. माझे लेखही मी त्या कोऱ्या बाजूवरच लिहायचो. त्यामुळे धंतोलीच्या कुमारी सुमन यांनी जांभळ्या शाईत, उमरेडच्या एका कापडवाल्या शेठजींनी निळ्या शाईत आणि कळमेश्वरचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक ग. त्र्यं. पाठक गुरुजी यांनी काळ्या शाईत, डाव्या हातानं (वृद्धापकाळाचा कंप दिसावा म्हणून), त्याच गठ्ठ्यातून कागद घेऊन माझी स्तुती केली. मी स्वतःवर इतका खूश होतो की पत्रं प्रेसच्या फाटकावरच्या पेटीत टाकून घरी जाताना सायकलवर गाणं म्हणत होतो.

संपादकांनी पुढची बाजू वाचली. पुरवणी पाहणाऱ्यांनी पुढची बाजू वाचली. कागद उलटला तो तुम्ही एकट्यानं. तुमचा धंदाच उलटं वाचण्याचा. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे असतात, ओळ उजवीकडून डावीकडे दिसते, आणि तुम्ही ती भराभर वाचत जायचात, जसे आम्ही सुलटं वाचतो. जगात माणसाला फसवणं सोपं आहे. खिळे जुळवणाऱ्या माणसाला फसवणं अवघड. हे मला त्या गुरुवारी कळलं.

रविवारची पुरवणी गुरुवारी दुपारी जुळायची. मी पुढचा लेख घेऊन आलो होतो. फाटकाबाहेरच्या टपरीवर तुम्ही चहा पीत उभे होतात. तोवर आपली ओळख म्हणजे मान हलवण्यापुरती. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि अगदी आदरानं म्हणालात, “जोशीजी, एक विचारू का?”

“विचारा ना.”

“धंतोलीच्या त्या पोरीले कालव्याचं पाणी काहून पाहिजे गा?”

“कोणत्या पोरीला?”

“थे नाही का, सुमन. तुमचा लेख वाचून तिच्या डोळ्याले पाणी आलं म्हणते. मागून पायलं तं पाण्याचाच अर्ज. उमरेडच्या सेठलेही पाणी पाहिजे. अन् कळमेश्वरच्या मास्तरलेही. तिघायची शेती एकाच कालव्यावर दिसते.”

माझ्या हातातल्या लेखाची मागची बाजू नेमकी तुमच्याकडे होती. तुम्ही ती वाचलीत. मी ती छातीशी धरली. मग दोघांनाही कळेना की आता काय करायचं, म्हणून मी आणखी दोन चहा सांगितले.

“सांगितलंत का कोणाला?” मी विचारलं.

“कायले सांगू?”

“म्हणजे... का नाही?”

तुम्ही जे कारण दिलंत ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात माझ्या साहित्यगुणांचा उल्लेख नाही. “तुमचं अक्षर चांगलं आहे,” तुम्ही म्हणालात. “प्रोफेसर सायबायचं अक्षर म्हणजे कागदावरून कोंबडी गेली. तुमचा लेख असला का मी पाच वाजता घरी जातो. त्यायचा असला का सात.”

प्रोफेसर म्हणजे माझे प्रतिस्पर्धी, हे आता बाकीच्या वाचकांना सांगायला हवं. त्या काळी रविवारचं विनोदी सदर एक आठवडा ते लिहीत, एक आठवडा मी. संपादकांनी ठरवलं होतं की ज्याला वाचकांची पत्रं जास्त येतील, त्याला पुढे दर रविवार द्यायचा. प्रोफेसरांना विद्यार्थी होते. मला फक्त कपाटातले अर्ज होते.

अशा रीतीनं सदर मला मिळालं, तुम्हाला दर गुरुवारी पाच वाजता घर मिळालं, आणि आपली दोस्ती झाली.

तेव्हा मी माझं नाव कसं उभं करत होतो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. ऑफिसात मी कनिष्ठ लिपिक होतो. सदराखाली मात्र नावानंतर ‘बी.ए.’ छापून घ्यायचो, आणि परीक्षेतला वर्ग कोणी विचारू नये म्हणून त्यापुढे काहीच नाही. फोटो काढायला सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत गेलो. हनुवटीखाली हात, पुढ्यात जाड ग्रंथ, डोळ्याला चष्मा. ग्रंथ स्टुडिओचा. चष्माही स्टुडिओचा. त्या फोटोचा जस्ताचा ठसा, म्हणजे तुम्ही ज्याला ब्लॉक म्हणायचात तो, मी स्वखर्चानं करवून तुमच्या हाती आणून दिला. तुम्ही तो उजेडात तिरपा धरून पाहिलात.

“हा चष्मा कोणाचा जी?”

“माझाच.”

“याले काच नाही.”

चमक येते म्हणून फोटोवाल्यानं काचा काढल्या होत्या. शेकडो लोकांनी तो फोटो पाहिला, माझ्या सासऱ्यांनी कात्रण पाकिटात ठेवलं, एका बाईंनी ‘डोळ्यांत विचारवंताची चमक’ असंही लिहिलं (ते पत्र खरं होतं, माझं नव्हतं, शपथेवर सांगतो). काच नाही हे तुम्हालाच दिसलं. वर तुम्ही म्हणालात, “राहू द्या. बरं दिसून राहिलं. फक्त तुम्ही बाहेर फिरताना वळखू येत नाही, तेवढंच.”

तुम्ही मला सुधारायचं ठरवलंत ते कधी, मला नक्की आठवत नाही. बहुधा मी पाठक गुरुजींचं दुसरं पत्र लिहून आणलं त्या दिवशी. सुमनबाईंना आणि शेठजींना मी भीतीपोटी गप्प केलं होतं. गुरुजींवर मात्र जीव जडला होता. पत्रात गुरुजी म्हणत होते की जोशी यांचा लेख वाचून आमचे वार्धक्य सुसह्य झाले. तुम्ही वाचलंत, आणि डोक्यावरची टोपी पुढे सारलीत. म्हणजे नापसंत; ही खूण मला पुढे दोन वर्षं पुरली.

“मास्तर असं लिहित नसते,” तुम्ही म्हणालात.

“मग कसं लिहितो?”

“रिटायर मास्तर पहिले चुका काढते. चुका काढून झाल्या अन् जागा उरली, तं शाबासकी देते. जागा उरत नाही.”

“मग चुका सांगा.”

मी हे थट्टेत म्हणालो होतो. तुम्ही टपरीच्या बाकावर बसलात आणि एकेक बोट मोडत माझ्या लेखातल्या अकरा चुका सांगितल्या. मी खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर लिहिलं होतं; उन्हाळ्यात ताटीवर पाणी मारताना कूलरच्या तारेला हात लागून मला झटका बसला, तो प्रसंग. मला तो फार विनोदी वाटत होता. पुढच्या रविवारी पाठक गुरुजींचं पत्र छापून आलं ते असं: “लेखकास बसलेला विजेचा झटका चार परिच्छेद चालला आहे. आम्ही दुसऱ्या परिच्छेदातच गतप्राण झालो. वीज इतका वेळ टिकत असती तर नागपूरकरांची तक्रारच नसती.”

शब्द माझे होते, डावा हात माझा होता. बोलणं सगळं तुमचं.

त्या पत्रानं कमाल केली. लोक रविवारी पुरवणी उघडून आधी गुरुजी आलेत का ते पाहू लागले. ऑफिसात साहेब माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, “काय जोशी, पाठकांनी परत सोललं की नाही?” गुरुजींनी एकदा लिहिलं, की लेखकाने पत्नीवर विनोद करणे थांबवावे; पत्नीने लेखकावर सुरू केले तर वर्तमानपत्रास रोज पुरवणी काढावी लागेल. ते वाचून आमच्या घरात गुरुजींना देवाजवळची जागा मिळाली. बायको म्हणाली, “दिवाळीला त्यांना फराळाला बोलवा. मला एकदा त्यांच्या पाया पडायचंय.” मी म्हटलं, वयोमानामुळे ते कुठे जात नाहीत. ती म्हणाली, “मग डबा पाठवा.” तो डबा तुम्ही टपरीवर माझ्यासमोर संपवलात, देवाजी. शेवटची चकली मोडताना तुम्ही म्हणालात, “वहिनीले सांगा, गुरुजीले दात आहेत अजून.”

तुम्ही माझ्याकडून काय काय काढून घेतलंत याची यादी मला करता येणार नाही, कारण यादी केली की तुम्ही म्हणाल, तिसऱ्यानंतर थांबा. ‘खरोखरच’ हा शब्द तुम्ही काढलात. शेवटी उपदेश करण्याची खोड काढलीत. मोठ्या माणसांची वचनं पेरण्याची सवय काढताना म्हणालात, “दुसऱ्याचं वाक्य जुळवाले मले मजुरी मिळते. तुमाले काय मिळते?” एकदा मी रागावून विचारलं की तुम्ही इतकं कुठे शिकलात. तुम्ही म्हणालात, “सतरा वर्षं झाले, लोकायचे लेख एकेक अक्षर उचलून जुळवून राहिलो. जे अक्षर फालतू असते थे हाताले जड लागते.” मी हसलो. घरी येऊन माझाच लेख एकेक अक्षर मोजत वाचला, आणि निम्म्याहून अधिक हाताला जड लागला.

असं करत मला खरंच लिहिता येऊ लागलं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे.

आणि मग संपादकांना ती कल्पना सुचली.

पुरवणीचा वर्धापनदिन होता. संपादक मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “जोशी, पाठक गुरुजींचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्ष तेच. तुमचं त्यांच्याशी काहीतरी गूळपीठ असणारच, तुम्हीच आणा त्यांना.” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बाहेर येऊन टपरीवर तुमच्याशेजारी बसलो आणि काय काय जाणार ते मोजू लागलो. सदर जाणार, ऑफिसात अर्जांची चौकशी होणार, सासऱ्यांच्या पाकिटातलं कात्रण बाहेर येणार, आणि बायको... बायकोचं तर मी मनातही पूर्ण करेना.

तुम्ही मात्र शांत होतात. म्हणालात, “सांगून टाका नं.”

“काय सांगू?”

“का गुरुजी म्हणजे हा मेश्राम. खिळे जुळवणारा. हात जोशीजीचा, तोंड माहं. शाल काही मले लागत नाही, उन्हाळा आहे. नारळ घेऊन जाईन घरी.”

मी म्हटलं, तुमची नोकरी जाईल. तुम्ही म्हणालात, माही काहून जाईल, अर्ज काय मी आणले? मी म्हटलं, वाचकांना फसवल्यासारखं वाटेल. तुम्ही म्हणालात, दोन वर्षं मजा आली त्यायले, ती मजा काही थे परत देत नाहीत. मी म्हटलं, पण लोक नाराज होतील.

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. टोपी पुढे नव्हती सारली. “कायच्यानं नाराज होतील जोशीजी? पाठक निघाला नाही म्हणून? का मेश्राम निघाला म्हणून?”

“तसं नाही, देवाजी,” मी म्हणालो.

तसं नाही म्हणजे मग कसं, हे तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आपल्या सगळ्या भांडणांत हे एकच असं, की जे अर्धं राहिलं. गुरुजींना मी ‘पाठक’ हे आडनाव का दिलं होतं, हे मी त्याआधी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. सुचलं, दिलं. आपोआप जे सुचतं त्याचा कागद उलटून पाहायचा असतो, हे तुमच्याकडून शिकायला हवं होतं.

शेवटी तोडगाही तुम्हीच काढलात. “मंग मारून टाका त्याले,” तुम्ही म्हणालात. “जिता ठेवान तं शाल घ्याले कोणी तरी लागन.”

तुमच्या सुटीच्या दिवशी आपण दोघं एसटीनं कळमेश्वरला गेलो. गुरुजींच्या (त्याच आठवड्यात जन्मलेल्या) पुतण्यानं संपादकांना त्यांच्या निधनाचं कार्ड पाठवायचं होतं, आणि त्यावर कळमेश्वरच्या पोस्टाचा शिक्का हवा होता. (“आता तरी पाण्याचा अर्ज वापरू नका,” तुम्ही बसमध्ये तीनदा म्हणालात.) कार्ड पेटीत टाकलं आणि मी लगेच परतीच्या बसकडे वळलो. तुम्ही म्हणालात, “थांबा नं. इतक्या दूर आलो, पाहून तं घेऊ मी कुठं राहत होतो.”

मग आपण तास-दीड तास गाव हिंडलो. तुम्ही एकेक घर पाहून नापसंत करत होतात. एकाची ओसरी लहान होती, दुसऱ्याच्या दारात कुत्रं होतं. शेवटी शाळेच्या मागे, गावाबाहेर संत्र्याची झाडं सुरू होतात तिथं एक घर तुम्हाला आवडलं. कौलारू, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली बाज. “हे माहं,” तुम्ही म्हणालात. “इथं बसून मी तुमाले शिव्या लिहित होतो.” दारात एक म्हातारी गहू निवडत होती. तिनं विचारलं, कोणाकडं आले बाप्पा? तुम्ही हात जोडून म्हणालात, “कोणाकडं नाही माय. पहिले राहत होतो इकडं.” तिनं आपल्याला पाणी दिलं. मला वाटतं, गुरुजींना खऱ्या अर्थानं निरोप दिला तो तिनंच.

कार्ड पोचलं. संपादकांनी चौकटीत श्रद्धांजली छापायचं ठरवलं आणि ती मलाच लिहायला सांगितली. मी भरघोस लिहिली. ती जुळवायला तुमच्याच हातात आली. ‘अजातशत्रू’ शब्दाशी तुम्ही थांबलात.

“हा कसला अजातशत्रू? दोन वर्षं तुमचीच सालं काढली यानं.”

“काढून टाकू?”

“काढा. अन् ‘पोकळी निर्माण झाली’ हेही काढा. इतकं लहान गाव, पोकळी ठेवाले जागा कुठं आहे.”

मग उरलेला मजकूर तुम्ही उभ्यानं जुळवलात. तुमचा स्वतःचा मृत्युलेख मी तुमच्याकडून जुळवून घेत होतो, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. काळी चौकट लावताना तुम्ही म्हणालात, “बॉर्डर जाड लावतो. आपल्या माणसाले हलकी नको.”

पुढचे दोन रविवार शोकपत्रांचा पूर आला, आणि या वेळी त्यातलं एकही माझं नव्हतं. संपादकांनी लिहिलं की गुरुजींची नि त्यांची एकदा प्रत्यक्ष भेट झाली होती, त्यांचा हात थरथरत होता पण नजर करारी होती. प्रोफेसरांनी लिहिलं की गुरुजींनी त्यांना खाजगी पत्रातून ‘खरे विनोदकार आपणच’ असं कळवलं होतं. कळमेश्वरच्या एका गृहस्थांनी लिहिलं की आपण गुरुजींच्या हाताखाली शिकलो, आणि छडीची आठवण अजून तळहातावर आहे. तुम्ही ते सगळं जुळवत होतात. एकदा फक्त म्हणालात, “जोशीजी, आपण दोघंच नाही जी. सारं शहरच पाण्याचे अर्ज भरून राहिलं.”

माझी अब्रू वाचली. सदर राहिलं. बायको सुतकात असल्यासारखी चार दिवस गोड खाईना. मी सुटलो असं मला वाटलं.

सुटलो नव्हतो. पुढच्या गुरुवारी मी लेख आणला, तुम्ही वाचला, मी विचारलं, “कसा आहे?”

“चांगला आहे.”

त्याच्या पुढच्या गुरुवारी, “चांगला आहे.” मी मुद्दाम एकदा वाईट लिहून आणलं. फार वाईट. ‘खरोखरच’ चार वेळा घातलं, शेवटी उपदेश केला. तुम्ही वाचलंत, खिळ्यांकडे वळलात आणि म्हणालात, “चांगला आहे.” मी म्हटलं, देवाजी, चुका सांगा ना. तुम्ही अगदी साधेपणानं, जराही न टोचता म्हणालात, “थे काम गुरुजीकडं होतं. ते तं वारले.”

नऊ वर्षं, देवाजी. चहा तसाच, थट्टा तशीच, माझ्या मुलीच्या लग्नात तुम्ही पहिल्या पंगतीला. माझ्या लेखांवर मात्र नऊ वर्षं ‘चांगला आहे’. इतकी कडक टीका माझ्यावर दुसऱ्या कोणी केली नाही. मी तुमच्याशिवाय तुमच्यासारखा विचार करायला शिकलो ते त्या नऊ वर्षांत. लेख लिहिल्यावर कागद उलटा करून ठेवायचा, आणि मनातल्या मनात विचारायचं, गुरुजी काय म्हणतील. माझं जे काही बरं म्हणून लोकांना आठवतं ते बहुतेक त्याच काळातलं आहे. म्हणजे मारल्यावरही तुम्ही शिकवणं सोडलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. दर गुरुवारी सांगायचं ठरवायचो, आणि चहा सांगायचो.

मग प्रेसमध्ये नवं यंत्र आलं, खिळे गेले, तुम्ही निवृत्त झालात. आणि परवा, चार दिवस उलटून गेल्यावर, टपरीवाल्याकडून मला कळलं की तुम्ही गेलात.

आता ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो. तसं नाही, असं मी त्या दिवशी म्हणालो होतो. तसंच होतं, देवाजी. मला भीती वाटत होती ती तुमच्या आडनावाची. लोक वाचणार नाहीत अशी भीती होती, आणि त्याहून मोठी भीती अशी, की वाचतील, आणि मग माझं काय उरेल. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं. तुमच्यासमोर कागद कोणत्याही बाजूनं धरला तरी सारखाच.

काल इंदोरा मोहल्ल्यात तुमच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांच्या नि बुद्धाच्या तसबिरीखाली तुमचा फोटो होता. चष्म्याला काच होती, हे मी आधी पाहिलं. वहिनींची नि माझी ही पहिलीच भेट. माझ्या मुलीच्या लग्नाला तुम्ही एकटेच आला होतात. वहिनींनी एक कापडी पुडकं आणून माझ्यापुढे ठेवलं. छापून झाल्यावर प्रेसमधला सगळा मजकूर तारेला टोचून ठेवत, आणि तिथून तो कोणाच्याही हाती लागे. ती पत्रं तुम्ही तारेवरून काढून घरी आणून ठेवली होती. सुमनबाई, शेठजी, गुरुजींचं एकूणएक पत्र. कोणी उलटून पाहू नये म्हणून. एका अर्जाच्या छापील बाजूवर तुम्ही पेन्सिलीनं रकाने भरले होते. अर्जदाराचे नाव: जोशी. पाण्याची आवश्यकता: नाही, लेखात पुरेसे आहे.

मी हसलो. मग धीर करून, रात्रभर घोकलेलं भाषण मी सुरू केलं. म्हटलं, वहिनी, एक गोष्ट मी इतकी वर्षं लपवली. त्या वेळी पेपरात एक पाठक गुरुजी लिहायचे, फार नाव होतं त्यांचं, ते दुसरे कोणी नसून आपले देवाजीच होते. आता मी हे सगळ्या जगाला सांगणार आहे. लेख लिहितोय. देवाजींना त्यांचं नाव परत मिळालं पाहिजे.

वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या, त्या थांबल्या. “काय सांगणार आहात?”

“हेच, की गुरुजी म्हणजे देवाजी.”

“थे तं आमच्या साऱ्या मोहल्ल्याले माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “दर आयतवारी इथं ओट्यावर वाचत. लोकं हसून हसून लोळत. गुरुजी वारले म्हणून छापून आलं, त्या दिवशी तं बाया मले भेटाले आल्या, कुंकू पाहून राहिल्या होत्या माहं. ह्यायनं साऱ्यायले चहा पाजला.” मग त्यांनी मला नीट निरखून पाहिलं, जस्ताच्या ठशाकडे तुम्ही पाहिलं होतंत तसं. “अन् गुरुजी ज्याले शिव्या देत, थो लेखक म्हणजे तुम्हीच काय? कोणी तरी खरा असन असं वाटलंच नाही कधी. तुमचं काही आम्ही वाचलं नाही बाप्पा.”